‘मीठ कमी, पाणी कमी, आराम करा’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्ण हृदयाचा असो की यकृताचा, सुट्टीच्या दिवशी डिस्चार्ज कार्डाबरोबर त्याला बहुधा एकच वाक्य ऐकायला मिळते: ‘मीठ कमी, पाणी कमी, आराम करा, पंधरा दिवसांनी दाखवा.’ यातला मिठाचा भाग दोघांनाही लागू आहे. पाण्याचा भाग बहुतेक यकृतरुग्णांना लागू नाही. आणि नुसते पडून राहिल्याने दोघांचेही नुकसान होते. हे आमचे मत म्हणून सांगत नाही. गेल्या तीसेक वर्षांत परिचारिकांनी केलेल्या आणि परिचारिकांच्या कामावर झालेल्या संशोधनातून, तसेच उपचारांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमधून हे पुढे आले आहे. प्रत्यारोपणाची बातमी नागपूरच्या वर्तमानपत्रांत ठळक येते आणि यायलाच हवी. पण घरी गेलेला रुग्ण महिन्याभरात पुन्हा वॉर्डात का येतो, हे शोधणारे काम वाचकांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून हे पत्र.

अमेरिकेच्या बार्बरा रीगल, स्वीडनच्या टिनी यार्स्मा आणि ॲना स्ट्रॉमबर्ग या तीन परिचर्या-संशोधकांनी 2012 साली दीर्घ आजारातल्या स्वतःच्या काळजीची मांडणी प्रसिद्ध केली. त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या काढल्या: रोजची औषधे आणि पथ्य सांभाळणे, शरीरावर नजर ठेवणे, आणि बदल दिसला की वेळेत काही करणे. वॉर्डात काम करणाऱ्या कुणालाही पटेल की आपण शिकवतो ती फक्त पहिली गोष्ट. गोळ्या कशा घ्यायच्या हे सांगतो, पण पायावर सूज आली तर कोणत्या दिवशी कुणाला फोन करायचा हे सांगत नाही. रुग्णाला सूज दिसत असते. घरचेही म्हणतात, ‘पाय जरा भरल्यासारखे दिसतात.’ मग आठवडा जातो आणि रात्री दोन वाजता श्वास कोंडल्यावर 108 ला फोन होतो.

हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे ‘पंपिंग कमी आहे’ असे सांगितलेल्या रुग्णात, हा आठवडा वाचवायचे सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे वजनकाटा. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वजन वाढले तर ते पाणी आहे असे धरून फोन करायचा. ते जेवणाने वाढलेले नसते. काट्याचे काम साधे आहे, पण ते नेमके कुठे फसते ते सांगायला हवे. वजन सकाळी उठल्यावर, लघवी करून, काही खाण्यापिण्याआधी, दररोज तशाच कपड्यांत घ्यायचे. काटा कडक आणि सपाट जमिनीवर ठेवायचा; सारवलेली जमीन असेल तर खाली फळी घालायची. चटईवर ठेवला की काटा चुकतो. वॉर्डातला काटा आणि घरचा काटा कधीच जुळत नाहीत. म्हणून सुट्टीच्या सकाळचे वजन कार्डावर लिहून द्यायचे आणि घरी पोहोचल्यावर दुसऱ्या सकाळी घरच्या काट्यावर जे येईल तो आकडा पुढच्या मोजणीचा पाया धरायचा. हे न सांगितल्यामुळे पहिल्याच दिवशी ‘दोन किलो वाढलं’ म्हणून घर घाबरते, नाहीतर काटा खराब आहे म्हणून तो पलंगाखाली जातो. काटा घेणे परवडत नसेल तर आठवड्यातून दोनदा उपकेंद्रात वजन करावे, आणि रोज चपलेचा पट्टा, मोज्याचा वळ आणि झोपताना लागणाऱ्या उशा पाहाव्यात. एका उशीवर झोपणारा तीन उशा मागायला लागला तर वजन पाहण्याची वाट बघू नये.

लघवीची गोळी हा दुसरा अडकणारा भाग. ती सकाळी घ्यायची. दोन वेळा असेल तर दुसरी दुपारी चारच्या आत, नाहीतर रात्रभर उठावे लागते आणि रुग्ण स्वतःच ती बंद करतो. गडचिरोली, गोंदिया, बालाघाटहून ओपीडीला येणारे रुग्ण प्रवासाच्या दिवशी ही गोळी हमखास टाळतात, कारण एसटी मध्येच थांबत नाही. त्यांना रागावून काही होत नाही. ‘त्या दिवशी गोळी नागपुरात उतरल्यावर घ्या, पण सोडू नका,’ असे आधीच सांगितले की प्रश्न मिटतो. स्पायरोनोलॅक्टोन (हीही लघवीचीच एक गोळी) घेणाऱ्या काही पुरुषांच्या छाती दुखतात, फुगतात. लाजेने ते कुणाला सांगत नाहीत आणि गोळी गुपचूप बंद करतात. हे होऊ शकते आणि त्यावर पर्याय आहे, एवढे सुट्टीच्या वेळी एका वाक्यात सांगून ठेवावे.

मिठाचे प्रमाण ‘कमी’ म्हणून कळत नाही. दिवसाला पाच ग्रॅम म्हणजे लहान चमचा सपाट, आणि त्यात दिवसभराचे सगळे आले. घरासाठी हिशेब असा: चार माणसांच्या घरात एक किलोचा पुडा पन्नास दिवस पुरला पाहिजे. तो महिन्यात संपत असेल तर रुग्णाच्या ताटातही जास्त मीठ जाते आहे. रुग्णाचे मीठ सकाळीच एका डबीत वेगळे काढावे, चमच्यापेक्षा थोडे कमीच, कारण दूध, पाव, बिस्किटांतूनही मीठ येते. त्याची भाजी अळणी काढून वरून त्याच डबीतले घालावे. पापड, लोणचे, खारोड्या, फरसाण यांत मीठ आहेच. पापडात पापडखारही असतो. तर्री-पोह्यावर पडणारी शेव आणि चण्याचा रस्सा, सावजीचा रस्सा, हे महिन्यातून एकदा चाखले तर आभाळ कोसळत नाही, पण रोजच्या नाश्त्याला नाही. सैंधव हे मीठच आहे. आणि ‘लो सोडियम’ म्हणून विकले जाणारे मीठ या रुग्णांनी विचारल्याशिवाय आणूच नये. त्यात पोटॅशियम क्लोराईड असते, आणि स्पायरोनोलॅक्टोन किंवा रामिप्रिलसारख्या गोळ्यांबरोबर रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते. एखाद्या संत्र्याने काही होत नाही. नागपूरकराला संत्रे बंद करा सांगणे अन्यायाचेच आहे. मात्र रोज मोठा पेला रस, वर नारळपाणी, वर हे मीठ असे एकत्र आले तर धोका आहे. स्पायरोनोलॅक्टोन सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा महिन्याने पोटॅशियम व क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासायचे असते. ती तारीख कार्डावर लिहिलेली असावी.

आमच्या उन्हाळ्याचा विचार परदेशी पत्रकांत नसतो. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो आणि घामावाटे पाणी जातच असते. अशा वेळी ‘दीड लिटरच पाणी’ हा जानेवारीत दिलेला नियम आणि लघवीची तीच मात्रा चालू ठेवली तर रुग्ण कोरडा पडतो: उठताना चक्कर येते, लघवी कमी आणि गडद होते, वजन रोज उतरते. वजन दोन किलो खाली गेले तरी फोन करायचा, हे सांगायचे राहून जाते. उलट बाजूला मीठ घातलेले पन्हे, मठ्ठा आणि लू लागू नये म्हणून दिवसभर घेतलेले ओआरएस यांतून मीठ भरपूर जाते. एक लिटर ओआरएसमध्ये 2.6 ग्रॅम मीठ असते, म्हणजे दिवसाच्या वाट्याचे निम्मे. उन्हाळा लागण्याआधी, मार्चमध्येच, पाण्याचे आणि गोळीचे प्रमाण डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावे.

आता यकृत. सिरोसिसच्या, म्हणजे यकृत निबर होऊन आकसलेल्या, रुग्णाला पोटात पाणी झाले की घरचे पहिल्यांदा पाणी तोडतात आणि मग डाळ-दूध तोडतात. दोन्ही चुकीचे. पोटातले पाणी मिठामुळे साठते. पिण्याच्या पाण्यावर बंधन रक्तातले सोडियम 125 (mEq/L) च्या खाली गेल्यावरच घालतात. प्रथिनांबद्दलचा जुना समज तर अजून वॉर्डातही ऐकू येतो, की डाळीने रक्तातला अमोनिया वाढून रुग्ण भ्रमात (यकृतामुळे मेंदूवर येणाऱ्या गुंगीत) जातो. बार्सिलोनात 2004 साली झालेल्या चाचणीत भ्रमावस्थेत आलेल्या रुग्णांची प्रथिने तोडून काहीही फायदा दिसला नाही, स्नायूंची झीज मात्र वाढली. सिरोसिसच्या रुग्णाला किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. वरण, दूध, दही, पनीर, अंडी, सोयाबीन यांतून ती मिळवावी लागतात, आणि थोड्या थोड्या खाण्यातून. सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे झोपण्याआधीचे खाणे. खराब यकृतात साखरेचा साठा राहत नाही, त्यामुळे रात्रभराच्या उपासातच शरीर स्वतःचे स्नायू जाळायला लागते. न्यूझीलंडमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभर रात्री पूरक आहार दिल्यावर शरीरातली प्रथिने वाढली. तोच आहार दिवसा दिला तेव्हा वाढली नाहीत. आपल्याकडे रात्री दहाला पेलाभर दूध आणि एक पोळी, किंवा दुधातला दलिया हे कुठल्याही घरात जमते. चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे उपास या रुग्णाने करू नयेत, आणि हे घरातल्या मोठ्या माणसाला सिस्टरने समोर बसवून सांगितले तरच पाळले जाते.

वजनाचा नियम इथे निराळा आहे. लघवीच्या गोळ्यांवर असताना पायावर सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा आणि सूज असेल तर एक किलोपेक्षा जास्त वजन उतरू नये. त्याहून वेगाने उतरले तर किडनी मार खाते. आणि वजन स्थिर आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण पोटात पाणी वाढत असते आणि दंड बारीक होत असतात. बेंबीवरून दोऱ्याने घेर मोजून गाठ मारावी, दंडाचा घेरही महिन्याला मोजावा.

लॅक्ट्युलोज या शौच मऊ करणाऱ्या, भ्रम टाळणाऱ्या पातळ औषधाबद्दल मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण इतके उपयोगी औषध इतक्या वाईट रीतीने समजावले जाते. दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातून 2009 साली आलेल्या चाचणीत, एकदा भ्रमावस्थेतून बाहेर आलेल्या रुग्णांपैकी लॅक्ट्युलोज चालू ठेवलेल्यांत 19.6 टक्क्यांना ती पुन्हा आली, न घेणाऱ्यांत 46.8 टक्क्यांना. पण कार्डावर लिहिलेले असते ‘30 मिली, दिवसातून दोनदा’, आणि रुग्ण ते पोट साफ करायचे औषध समजतो. एकदा शौचाला झाले की बाटली बंद. खरा नियम मिलीचा नाही, शौचाचा आहे: दिवसाला दोन ते तीन वेळा मऊ शौच झाली पाहिजे. एकदाच झाली तर मात्रा वाढवायची; चार-पाच वेळा पातळ झाली तर कमी करायची, कारण जुलाबाने पाणी आणि क्षार जाऊन भ्रम उलट वाढतो. गोड लागते म्हणून नको वाटत असेल तर पाण्यात मिसळून घ्यावे. पोटात गुडगुड आणि वारा पहिल्या काही दिवसांत होतोच, हे आधी सांगितले नाही तर औषध तिथेच थांबते.

भ्रमाची सुरुवात बेशुद्धीने होत नाही. रुग्ण दिवसा पेंगतो, रात्री जागा राहतो, पैशांचा हिशेब चुकतो, सही बदलते. घरच्यांनी करता येण्याजोगी एक युक्ती आहे: वहीच्या एकाच पानावर रोज सकाळी एक ओळ लिहून घ्यायची, अक्षर ढासळले की पुढे काय येणार ते कळते. लिहिता न येणाऱ्यासाठी इटलीतल्या पादुआच्या संशोधकांनी 2017 साली मांडलेली चाचणी फार कामाची आहे: एका मिनिटात जेवढ्या प्राण्यांची नावे आठवतील तेवढी सांगायची. वय आणि शिक्षणाचा फरक धरूनही दहापेक्षा कमी आली तर डॉक्टरांना कळवावे. ज्याला एकदा भ्रम झाला आहे त्याने गाडी चालवू नये, अगदी घराजवळच्या दुकानापर्यंतही नाही. झोपेची गोळी आणि गुंगी आणणारे खोकल्याचे औषध त्याला देऊ नये. बद्धकोष्ठ, ताप, उलट्या यांतले काहीही झाले तर तो भ्रमाचा इशारा धरावा. डांबरासारखी काळी शौच म्हणजे आतला रक्तस्राव, तेव्हा थेट रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, म्हणून त्या चालू आहेत का हे आधी ठाऊक असावे.

दोन्ही आजारांत वाटेत सापडणारा सगळ्यात मोठा शत्रू अंगदुखीची गोळी आहे. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. चौकातल्या दुकानात त्या मागितल्या की मिळतात. पॅरासिटामॉल चालते, सिरोसिसमध्ये दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत, म्हणजे 500 च्या चार गोळ्या, आणि 650 च्या तीनच. आम्लपित्तासाठी घेतला जाणारा फसफसणारा सोडा हेही मिठाचेच दुसरे रूप.

दुसरा सापळा म्हणजे एकाच नावाची गोळी. कार्व्हेडिलॉल हार्ट फेल्युअरमध्येही देतात आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून सिरोसिसमध्येही. हृदयासाठी ती 3.125 मिलिग्रॅमने दिवसातून दोनदा सुरू करून सोसेल तशी 25 पर्यंत नेतात. यकृतासाठी दिवसाला 6.25 ने सुरू करून बहुधा 12.5 वर थांबतात, आणि वरचा रक्तदाब 90 च्या खाली गेला तर ती कमी किंवा बंद करावी लागते. स्पायरोनोलॅक्टोन हृदयाला 25 ते 50, यकृताला 100 पासून पुढे 400 पर्यंत. नातेवाइकांत दोन रुग्ण असले की पट्ट्यांची अदलाबदल होते, ‘तुझी संपली तर माझी घे’ असे होते. डोस ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. पण ही गोळी या रुग्णाला कशासाठी आहे हे पट्टीवर मराठीत लिहून देणे सिस्टरला दोन मिनिटांत करता येते.

याचा खरोखर फरक पडतो का, असे विचारले जाईल. अमेरिकेत 1995 साली सत्तरीच्या पुढच्या 282 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात परिचारिकेच्या पुढाकाराने शिकवणी, आहार आणि घरी पाठपुरावा केला, तेव्हा नव्वद दिवसांत हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा दाखल होण्याचे प्रसंग नेहमीच्या उपचारांच्या गटात 54, तर या गटात 24 होते. स्वीडनमध्ये स्ट्रॉमबर्ग यांनी 2003 साली 106 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला: परिचारिका चालवत असलेल्या ओपीडीत येणाऱ्यांत वर्षभरात 7 मृत्यू, नेहमीच्या उपचारांत 20. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नेदरलँड्समध्ये यार्स्मा यांच्याच 2008 च्या 1023 रुग्णांवरच्या अभ्यासात मृत्यू आणि पुन्हा दाखल होणे यांत लक्षणीय घट दिसली नाही. त्या देशात शिकवणी न मिळालेल्या गटालाही हृदयरोगतज्ज्ञांच्या ठरलेल्या भेटी मिळत होत्या. आपल्याकडे चंद्रपूर-भंडाऱ्याच्या खेड्यातल्या रुग्णाला तेवढे मिळत नाही, म्हणून आमच्या मते इथे शिकवणीचा उपयोग जास्तच होईल. भारतातल्या 53 रुग्णालयांतल्या 10,851 हार्ट फेल्युअर रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदणीत नव्वद दिवसांतले मृत्यू 14.2 टक्के आहेत. सुट्टीनंतरचे दिवस किती नाजूक असतात हे त्यावरून कळते.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. युरोपातल्या नऊ देशांतल्या 300 रुग्णालयांचा परिचर्या-संशोधक लिंडा एकेन यांचा 2014 चा अभ्यास सांगतो की प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांत तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते. ज्या वॉर्डात एका सिस्टरकडे चाळीस खाटा असतात तिथे तिने अर्धा तास एका रुग्णाजवळ बसावे असे म्हणणे पोकळ ठरेल. म्हणून आमची मागणी नेमकी आहे. नागपुरातली मेडिकल, मेयो आणि सुपर स्पेशालिटी ही सरकारी रुग्णालये, मिहानचे एम्स आणि मोठी खासगी रुग्णालये, प्रत्येक ठिकाणी हृदय आणि यकृताच्या रुग्णांच्या सुट्टीसाठी एक परिचारिका वेगळी नेमावी आणि तिला त्या वेळेत दुसरे काम देऊ नये. रुग्णामागे पंचवीस मिनिटे. घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती समोर असल्याशिवाय शिकवणी सुरू करू नये. सांगून झाल्यावर ‘कळलं का?’ विचारू नये, कारण उत्तर नेहमी ‘हो’ असते. ‘वजन किती वाढलं तर फोन कराल?’, ‘लघवीची गोळी यातली कोणती, दाखवा’, ‘दिवसात किती वेळा शौच झाली पाहिजे?’ असे विचारावे आणि चुकले तर पुन्हा सांगावे. मराठीत एक पानी पत्रक, छिंदवाडा-बालाघाटकडच्यांसाठी तेच हिंदीत. हृदयाचे वेगळे, यकृताचे वेगळे. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी वॉर्डातून फोन, आणि दोन आठवड्यांच्या आत पहिली भेट.

एक विनंती आमच्याच क्षेत्राला आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला. विदर्भातल्या परिचर्या महाविद्यालयांत एम.एस्सी.चे प्रबंध दरवर्षी होतात. त्यातले कितीतरी एकाच साच्यातले असतात: पहिल्या दिवशी प्रश्नावली, मग शिकवणी, सातव्या दिवशी तीच प्रश्नावली, आणि ज्ञान वाढले असा निष्कर्ष. ज्ञान वाढणारच. रुग्ण तीस दिवसांत पुन्हा दाखल झाला का, त्याने वजनाची वही भरली का, लॅक्ट्युलोज चालू आहे का, हे मोजले तर तो प्रबंध वॉर्डाच्या उपयोगाला येईल. त्यासाठी फार खर्च लागत नाही. एक रजिस्टर, एक फोन आणि महिनाभर पाठपुरावा करण्याची परवानगी लागते. पुढच्या बॅचचे विषय मंजूर करताना मार्गदर्शकांनी एवढी एक अट घालावी, आणि निष्कर्ष मराठीत दोन पानांत लिहून संबंधित वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरकडे पोहोचवणे बंधनकारक करावे.

आपल्या,
परिचारिका व परिचर्या-अध्यापिका,
नागपूर